एकतीस सेकंद

इस्त्र्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात एका लांब पट्ट्याच्या दोन्ही अंगांना चौदा बायका बसत, आणि त्यांच्यातल्या दोघी चौथ्या टेबलावर खांद्याला खांदा लावून बसत. त्या दोघी जावा. खरी नावं हजेरीच्या कार्डावर छापलेली होती, पण धाकटी कामाला लागली त्या दिवसापासून कारखान्यानंही त्यांना घरचीच नावं दिली, थोरली आणि धाकटी.

चौथ्या टेबलावरचं काम किचकट. इस्त्रीच्या तळाची जाड प्लेट पट्ट्यावरून समोर आली की तिच्यावर थर्मोस्टॅट बसवायचा, म्हणजे इस्त्री किती तापावी हे ठरवणारा चिमुकला भाग. त्याच्याखाली अभ्रकाची चकती, बाजूला एक स्प्रिंग, वर तीन स्क्रू, आणि शेवटी दोन वायरींची टोकं. पट्टा दर पस्तीस सेकंदांनी एक इस्त्री पुढे ढकलायचा. बाकीच्या टेबलांवरचं काम तेवढ्यात उरकायचं. चौथ्यावरचं उरकायचं नाही, म्हणून तिथे दोन खुर्च्या. एक इस्त्री थोरलीची, पुढची धाकटीची.

थोरलीला तिथे सोळा वर्षं झाली होती. डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत ती तिन्ही स्क्रू एकदम उचलायची आणि अंगठ्याने एकेक पुढे लोटायची. वरून टांगलेला विजेचा स्क्रूड्रायव्हर तोवर उजव्या हातात खाली आलेला असायचा. हातांकडे ती बघायचीही नाही. तोंडाने मात्र कमी, आणि बोलली तर फटकळ. त्यामुळे कौतुक थोरलीच्या हातांचं, पण जेवायच्या सुट्टीत शेजारी बसायला सगळ्यांना धाकटी हवी, असा प्रकार होता.

धाकटीला चिकटवली थोरलीनेच. दीर घरी बसून होता तेव्हा सुपरवायझरकडे शब्द टाकून तिने जावेला कंत्राटावर आणली, शेजारी बसवली, काम शिकवलं. चकती कशी उचलायची, वायर कुठून वळवायची, सगळं. फक्त ती अंगठ्याची खुबी शिकवली नाही. धाकटीने दोनदा विचारलं होतं. सवयीने येतं, असं म्हणून थोरलीने विषय संपवला होता.

एके दिवशी वरच्या मजल्यावरून डिझाइनवाली खाली आली. पंचविशीतली मुलगी, केस आखूड कापलेले, गळ्यात कॅमेरा आणि हातात स्टॉपवॉच. फार गोड बोलायची. कंपनीला नवी इस्त्री काढायची आहे, त्यासाठी कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते बघायचं आहे, उद्यापासून ती एकेका टेबलापाशी उभी राहील, कुणी घाबरायचं कारण नाही, असं तिने सगळ्यांना सांगितलं. ती गेल्यावर पॅकिंगच्या मावशींनी डबा उघडता उघडता एवढंच म्हटलं, की घड्याळ घेऊन आलेलं माणूस रिकाम्या हाताने परत जात नसतं.

मावशी तिथल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनीच ठरवून दिलं. सगळ्यांनी हात सैल सोडायचा, दिसेल असा नाही, पण सैल. चौथ्या टेबलाने साठ सेकंदांच्या खाली यायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. थोरलीनेही डोलावली, आणि अगदी मनापासून. तिला काही एकटीला मिरवायचं नव्हतं.

पण त्या संध्याकाळी घरी जेवताना तिला नवऱ्याच्या तोंडून कळलं, की यापुढे नव्या मुलींना काम शिकवण्याची जबाबदारी धाकटीवर सोपवली आहे. सुपरवायझरने तीन दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. सगळ्या घराला माहीत होतं, एकट्या थोरलीला सोडून. सासू म्हणाली, शेवटी जगात गोड जिभेचीच किंमत. धाकटी लगबगीने म्हणाली, अहो तसं काही नाही, मला येतं ते सगळं जाऊबाईंचंच.  थोरलीने ताट तसंच सारलं आणि भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी डिझाइनवालीने आधी धाकटीची वेळ घेतली. एकसष्ट, साठ, बासष्ट. "किती नीटस काम आहे तुमचं," ती म्हणाली. मग थोरलीच्या बाजूला आली. थोरलीने ठरल्याप्रमाणे केलं. पण मुद्दाम लंगडत चालायला सांगावं तसं तिच्या हातांना होत होतं. स्क्रू एकेक करून उचलायचा, चकती उगाच दोनदा बघायची. पाच इस्त्र्या झाल्या. डिझाइनवालीने आकडे लिहिले आणि शेजारी उभ्या सुपरवायझरला म्हणाली, की दोघींचं सारखंच आहे, चौथ्याचे साठ धरू या.

"सारखंच असणार," तो म्हणाला. "धाकटीचा हात आता चांगला बसलाय. थोडक्यात तिने थोरलीला गाठलं."

तो सहज बोलला. त्याच्या समोरच्या पडलेल्या दातातून नेहमीसारखी हवा गेली, शिट्टी वाजल्यासारखी, आणि एरवी त्या शिट्टीला सगळ्या बायका हसायच्या.

"सारखं नाही," थोरली म्हणाली.

"काय म्हणालात, ताई?" डिझाइनवालीने विचारलं.

"पुन्हा लावा घड्याळ."

धाकटीने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. थोरलीने आपला पाय मागे घेतला, हात लांब करून धाकटीच्या पुढ्यातली इस्त्री स्वतःकडे ओढली आणि सुरुवात केली. एकतीस. एकतीस. तीस. एकतीस. डिझाइनवालीने घड्याळ सुपरवायझरच्या हातात दिलं आणि स्वतः कॅमेरा घेऊन इतकी वाकली की तिचा श्वास थोरलीच्या मनगटाला लागत होता.  धाकटी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, कारण तिच्यापर्यंत इस्त्री पोचतच नव्हती.

"आणखी दहा कराल?" डिझाइनवालीने विचारलं.

थोरलीने आणखी दहा केल्या. तिला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पाळी सुटल्यावर हात धुवायच्या नळापाशी धाकटीने तिला गाठलं. आवाज न चढवता म्हणाली, "जाऊबाई, ठरलं होतं ना आपलं."

"ठरलं होतं ते ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी," थोरली म्हणाली आणि नळ बंद करून निघून गेली.

महिन्याभराने पट्ट्याची मांडणी बदलली. चौथ्या टेबलावरचं काम एकतीस सेकंदांत होत असेल तर तिथे दोन खुर्च्या कशाला, हा साधा हिशोब होता. पण तो तिथे थांबला नाही. चौथं टेबल साठ सांगून एकतीस करत असेल, तर बाकीच्यांनीही हातचं राखूनच वेळ दिली असणार, असं वरच्यांनी धरलं आणि सगळ्यांचे आकडे कापले. चौदा खुर्च्यांच्या अकरा झाल्या. दोघी बायका त्याच आठवड्यात घरी गेल्या. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. ती गेली त्या दिवशी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, आणि चौथ्या टेबलापाशी न थांबता पुढे गेली.

तिसरी खुर्ची धाकटीची. तिला तपासणीला बसवलं. तिथे तयार इस्त्र्या ओळीने तापवायच्या आणि एकेक हातात घेऊन बघायची. शिकवण्याचं काम आपोआपच बारगळलं. पहिल्या आठवड्यात तिच्या मनगटावर दोन चटके उमटले, पुढच्यात कोपराखाली एक लांबलचक. रात्री ती त्यांना मलम लावत बसायची आणि थोरली ते बघायची. एकदा तिने सांगायला तोंड उघडलं, की इस्त्रीची मूठ मागच्या टोकाला धरली तर भाजत नाही. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "हात चालत नसले की असं होतं," ती म्हणाली. तीन महिन्यांनी धाकटीचं कंत्राट संपलं आणि ते कुणी पुढे वाढवलं नाही.

घरात एका ओट्यावर दोन शेगड्या आल्या. दीर थोरल्या भावाशी बोले, वहिनीशी नाही. सासू दुपारभर धाकटीबरोबर घरात असायची, तेव्हा तिचा पक्षही ठरून गेला. थोरली पाळीवरून आली की आपल्या शेगडीवर आपल्या माणसांपुरता स्वयंपाक करायची. आपण खोटं काही केलं नाही, असं ती मनाशी घोकायची. काम जेवढं होतं तेवढंच दाखवलं.

खरं म्हणजे तेवढंही ते नव्हतं. एकतीस सेकंद दहा इस्त्र्यांना जमतात, वीस इस्त्र्यांना जमतात. पाळीभरात सातशे चाळीस यायच्या. एक संपून पुढची येईपर्यंत चार सेकंद उरायचे, आणि त्यात नाक पुसायचं की मान मोडायची हे ठरवण्यातच ते जायचे. पूर्वी मध्ये उठायचं झालं तर शेजारणीने दोन मिनिटं सांभाळून घ्यायचं अशी रीत होती. आता शेजारी कुणी नव्हतं. तिसऱ्या टेबलावरचीला तिने एकदा विनवलं. ती म्हणाली, "मला कुठे तुझ्यासारखं येतं, बाई." बोलण्यात इतका गोडवा, की ऐकणाऱ्याला खरंच वाटावं. त्यानंतर थोरलीने कुणाला विचारलं नाही. सकाळपासून पाणीच प्यायचं बंद केलं. जेवायच्या सुट्टीत ती खिडकीपाशी उभ्याने खायची, कारण बाकावर तिच्यापुरती जागा कधी नसायचीच. चौदाच्या अकरा झाल्या होत्या, तरी नसायची.

सहाव्या महिन्यात डावा अंगठा आखडला. सकाळी वाकवला की सांध्यात खटका बसायचा आणि दुसऱ्या हाताने सरळ करावा लागायचा. कारखान्याच्या डॉक्टरने मलम दिलं आणि आराम द्या म्हणून सांगितलं. ती पट्टी गुंडाळून कामाला बसायची. दुपारनंतर स्क्रू बेचक्यातून निसटायचे, इस्त्र्या अर्धवट पुढे जायच्या, आणि पाचव्या टेबलावरची त्या मुद्दाम उचलून, सगळ्यांना दिसतील अशा, पट्ट्याच्या कडेला उभ्या करून ठेवायची. सुपरवायझर ओरडला नाही. त्याने टॅब आणला, तिच्यासमोर धरला आणि तिचाच तो व्हिडिओ लावला. हात झरझर चालत होते.

"या तुम्हीच ना?"

"मीच."

"मग आता काय झालं?"

त्यानंतर रोज पाळी सुरू होण्याआधी तो व्हिडिओ एकदा लावायचा त्याने नेमच केला. थोरलीला उभं राहून बघावा लागायचा. बायकाही बघायच्या.

अशात डिझाइनवालीचा निरोप आला, वर या म्हणून. वरची खोली पांढरी, शांत, खिडक्यांना पडदे. थोरलीला फिरत्या खुर्चीत बसवलं, समोर चहाचा कप ठेवला. डिझाइनवाली म्हणाली, की तिने तो व्हिडिओ शंभर वेळा तरी पाहिला आहे, आणि इतके हुशार हात तिने कुठेच पाहिलेले नाहीत. आता तिला जाणून घ्यायचं होतं, की या कामात सगळ्यांत अवघड काय आहे.

थोरलीशी सात महिन्यांत कुणी धड बोललं नव्हतं. ती दोन तास बोलली. तिसरा स्क्रू आंधळा बसतो, दिसत नाही, बोटाला कळला तर कळतो. चकती सरकते म्हणून ती करंगळीने दाबून धरावी लागते. वायर उलटी वळवली तर महिन्याभरात तुटते, ग्राहक शिव्या घालतो आणि का ते कुणाला कळत नाही. अंगठ्याची ती खुबी तर तिने रिकाम्या हाताने करून दाखवली, दोनदा, सावकाश, दुखत असतानाही. जावेपासून जी चार वर्षं राखली ती या परक्या मुलीला पाच मिनिटांत देऊन टाकली, हे जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, पण तेव्हाही तिला आनंदच झालेला होता.

"म्हणजे हे स्क्रूच नसते तर?" मुलीने मध्येच विचारलं होतं.

"तर जीव सुटला असता," थोरली म्हणाली होती. मुलीने ते लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं. टेबलावर करड्या प्लास्टिकच्या खोक्यात बसवलेला नवा थर्मोस्टॅट होता. चकती, स्प्रिंग, सगळं पुरवठादाराकडूनच आत बसून येणार होतं. त्याला खाली दोन पाय होते. प्लेटवर ठेवायचा, दाबायचा, टक असा आवाज आला की झालं. डिझाइनवाली दाबून बघा म्हणाली. थोरलीने दाबला. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिची नजर गेली ती सवयीने. चार सेकंद.

चार सेकंदांच्या कामाला कुणी खुर्ची देत नाही. हे समजायला तिला शाळा लागत नव्हती.

तिने पुन्हा दाबला, पुन्हा काढला. वीसेक वेळा केलं. त्यातल्या तीन वेळा टक वाजलं, पण एक पाय पुरता बसलेला नव्हता. डोळ्यांना दिसत नव्हतं, कानालाही नाही. तिच्या बोटाला तेवढं कळलं, केसभर जागा राहिली होती. या इस्त्र्या अशाच बाजारात गेल्या तर दोन महिन्यांत त्या परत येऊ लागणार, ढिगांनी, आणि मग स्क्रू परत आणावे लागणार. थोरली तो तुकडा हातात धरून बसून राहिली.

"काही खोट असेल तर ती तुम्हालाच कळेल," डिझाइनवाली म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं, ताई."

थोरलीने सांगितलं. नुसती खोट सांगून ती थांबली नाही. पायाच्या आतल्या कडेला जरासा उतार द्या म्हणजे तो आपसूक खाली घसरेल, हेही सांगितलं आणि नखाने प्लास्टिकवर रेघ ओढून दाखवली. का सांगितलं ते तिचं तिलाही नंतर नीट सांगता आलं नसतं. वाईट बसलेली वस्तू हातातून पुढे जाऊ द्यायची नाही ही सोळा वर्षांची खोड होती, आणि त्या मुलीच्या तोंडचं ताई हा शब्दही होता. मुलीने तिथल्या तिथे पडद्यावर उतार काढला. मग आनंदाने तिचा हात हातात घेऊन दाबला, नेमका डावा. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मुलीला ते वेगळंच वाटलं.

"मग चौथ्या टेबलाचं काय होईल?" निघताना थोरलीने विचारलं.

"ते आमच्याकडे नसतं, ताई. ते उत्पादनवाले ठरवतात."

उत्पादनवाल्यांना ठरवायला एक दिवस लागला. नव्या पट्ट्यावर नऊ खुर्च्या होत्या आणि ते टक करायचं काम तिसऱ्या टेबलाच्या कामात मिसळून टाकलेलं होतं. थोरलीला पॅकिंगला धाडलं. सहा इस्त्र्यांचं एक खोकं, ते उचलून चळतीवर चढवायचं. पहिल्या दिवशी दोन खोकी तिच्या हातातून सुटली, दुसऱ्या दिवशी एक सुटलं ते मावशींच्या पायावर. मावशींनी आरडाओरडा केला नाही. त्या दिवसापासून त्यांनी जड खोकी मोजून तिच्याच बाजूला ठेवायला सुरुवात केली.

तीन आठवड्यांनी तिला ऑफिसात बोलावलं. स्वतःच्या इच्छेने काम सोडत असल्याचं पत्र टाइप करून तयार होतं. ती डावखुरी होती, सही त्याच हाताने करायची. पेन धरायला अंगठा वळेना. सही वेडीवाकडी उमटली. साक्षीला म्हणून मावशी आणि तिसऱ्या टेबलावरची अशा दोघी उभ्या होत्या. कारकून म्हणाला, की कार्डावरच्या सहीशी ही जुळत नाही.

"मग अंगठा लावू दे की," मावशी म्हणाल्या. "अंगठ्यानेच तर सगळं कमावलंय तिने."

कारकून हसला. तिसऱ्या टेबलावरचीही हसली. शाईची डबी आणली गेली, आणि सोळा वर्षं कार्डावर सही करणाऱ्या बाईने खाली अंगठा उमटवला. कारकुनालाच तो धरून कागदावर दाबावा लागला.

पुढे दोन महिन्यांनी तिसऱ्या टेबलावरची बाई दुसरीकडे गेली, आणि सुपरवायझरने धाकटीला निरोप पाठवला. हात कसा आहे याला आता महत्त्व नव्हतं. चार बायकांत मिळून मिसळून राहणारी कुणीतरी हवी होती. धाकटी गेली. पहिल्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा थोरली ओट्यापाशी होती. जमतंय का, असं थोरलीने विचारलं. कितीतरी महिन्यांनी ती आपण होऊन तिच्याशी बोलली होती.

"त्यात काय जमायचंय," धाकटी म्हणाली. "ठेवायचं, दाबायचं, टक वाजलं की सोडायचं. परवा आलेली पोरगीसुद्धा करते."

 थोरलीने मग सांगितलं, की तो पाय इतका अलगद बसतो तो आतल्या उतारामुळे, आणि तो उतार तिने सुचवलेला आहे. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. वरच्या खोलीतलं सगळं सांगितलं, चहाचा कपसुद्धा. धाकटीने मध्ये न तोडता ऐकून घेतलं. पदराला हात पुसले.

"म्हणजे आधी माझी खुर्ची काढलीत, मग स्वतःची," ती म्हणाली. रागाने नाही. हिशोब जुळला की माणूस जसं बोलतं तसं.

आतून सासूने काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, असं धाकटीने सांगितलं. मग तिने आपल्या शेगडीची नळी काढली, शेगडी उचलून ओट्याखाली सारली आणि थोरलीची मधोमध ओढून ठेवली.

"आता तुम्ही घरीच असता," ती म्हणाली. "दोन-दोन स्वयंपाक कशाला. मला पहिली पाळी आहे, साडेसहाला डबा लागतो."

"बरं," थोरली म्हणाली, आणि पिठाच्या डब्याचं झाकण उघडायला ती दोन्ही तळव्यांनी झटू लागली. धाकटी तिथेच उभी राहून बघत होती.